योहानेस इटेन : रंगचक्राचे गुरुजी आणि युरोपातला 'नवा' जरथुश्ती धर्म



एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने रंगचक्र काढलेलं असतं. मधोमध पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन मूळ रंग, त्यांच्या मिश्रणातून नारिंगी, हिरवा, जांभळा हे दुय्यम रंग, आणि बाहेर बारा घरांचं गोल कडं. रंग गोलात मांडायची कल्पना जुनीच, अगदी न्यूटनच्या काळापासूनची. पण आपल्या चित्रकलेच्या वह्यांत जे चक्र दिसतं, ते जगभरच्या वर्गांत पोहोचवण्यात एका स्विस शिक्षकाचा मोठा वाटा आहे. त्यांचं नाव योहानेस इटेन. आजच्या पाठात आपण त्यांच्या जीवनाची ओळख करून घेणार आहोत.

त्यांच्या रंगांविषयी बरंच लिहिलं जातं. त्यांच्या धर्माविषयी मात्र आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. हा माणूस युरोपात बसून स्वतःला जरथुश्त्राच्या मार्गाचा अनुयायी मानत होता, आणि तो मार्ग त्याने थेट आपल्या वर्गात आणला होता! आपण पारशी शेजाऱ्यांच्या राज्यात राहणारी माणसं. त्यामुळे ही गोष्ट आपण जरा वेगळ्या नजरेनं वाचू शकतो.

इटेन यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतात, डोंगराळ खेड्यात झाला. १९०४ ते १९०८ या काळात त्यांनी हॉफविल इथल्या अध्यापक विद्यालयात प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर डीएडच की! तिथे त्यांना एर्न्स्ट श्नायडर नावाचे चांगले शिक्षक भेटले. मुलाच्या स्वतःच्या निर्मितीवर लाल पेन फिरवायचं नाही, अशी तिथली शिकवण होती. एकेकट्याची वही घेऊन चुका दाखवल्या की मूल बिचकतं. म्हणून वर्गात ज्या चुका सर्वांच्या दिसतात, तेवढ्याच सगळ्यांसमोर एकत्र समजावायच्या. १९०८ मध्ये इटेन शाळेत रुजू झाले आणि फ्रोबेलच्या पद्धतीने शिकवू लागले. बालवाडीचा जनक फ्रोबेल आपल्यालाही डीएडच्या पहिल्याच वर्षी भेटतो. लाकडी ठोकळे, गोळे, खेळातून शिक्षण वगैरे.

चित्रकलेची ओढ मात्र त्यांना स्वस्थ बसू देईना. १९०९ मध्ये ते जिनिव्हाच्या कलाशाळेत गेले. तिथलं शिकवणं पटलं नाही म्हणून परत आले, बर्नमध्ये गणित आणि विज्ञान शिकले, १९१२ मध्ये पुन्हा जिनिव्हाला गेले. पुढे जर्मनीतल्या स्टुटगार्टला आडोल्फ होल्त्सेल या चित्रकाराकडे ते राहिले. वर्ग सुरू करण्याआधी विद्यार्थ्यांकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे, ही सवय त्यांना होल्त्सेलकडूनच लागली. १९१६ मध्ये ते व्हिएन्नाला गेले आणि स्वतःची छोटी कलाशाळा काढली. पहिलं महायुद्ध चालू होतं. जुन्या जगावरचा लोकांचा विश्वास उडत होता. चर्चच्या बाहेर कुठे तरी खरं ज्ञान सापडेल, पूर्वेकडे काही तरी असेल, असं शहरातल्या शिकलेल्या मंडळींना वाटू लागलं होतं. थिऑसॉफीची पुस्तकं हातोहात फिरत. इटेनही त्यात ओढले गेले.

१९१९ मध्ये वास्तुकार वॉल्टर ग्रोपिअस यांनी जर्मनीतल्या वायमार गावी बाउहाउस ही शाळा काढली. चित्रकार, सुतार, विणकर, कुंभार या सगळ्यांना एका छताखाली शिकवणारी ही शाळा पुढे जगप्रसिद्ध झाली. इटेन तिथल्या सुरुवातीच्या शिक्षकांपैकी एक होते. व्हिएन्नातले त्यांचे बरेच विद्यार्थी गुरूच्या मागोमाग वायमारला आले, यावरून त्यांचा प्रभाव लक्षात येईल. नव्या विद्यार्थ्याने कुठल्याही कार्यशाळेत जाण्याआधी सहा महिने पायाभूत वर्ग करायचा, ही पद्धत इटेन यांनी सुरू केली. आज आपल्याकडच्या कला महाविद्यालयांत फाउंडेशनचं वर्ष असतं ना, त्या कल्पनेचं एक मोठं मूळ इथे आहे.

हा वर्ग कसा चालायचा ते बघा. सकाळी आधी दीर्घ श्वसन, मग शरीर सैल करायचे व्यायाम, मग दोन्ही हातांनी मोठमोठ्या कागदांवर लयीत रेघा. त्यानंतर विरोधाचे पाठ: खरखरीत आणि गुळगुळीत, जड आणि हलकं, उजेड आणि अंधार. मुलं भंगारातून लाकडाचे तुकडे, तारा, चिंध्या, काच गोळा करून आणत आणि त्यांच्या रचना करत. काट्याचं रोप काढायचं असेल तर आधी त्याचा काटा बोटाला टोचून कळला पाहिजे. एकदा त्यांनी लिंबं काढायला दिली. मुलांनी भराभर गोल काढून कागद पुढे केले. तेव्हा इटेन यांनी लिंबू कापून प्रत्येकाला एकेक फोड चाखायला दिली आणि पुन्हा काढायला बसवलं. मित्रांनो, साधनं महागडी असली तरच कृतियुक्त शिक्षण होतं असं मानणाऱ्यांनी हे एक लिंबू लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण याच वर्गात दुसरंही काही चालू होतं. ते समजण्यासाठी थोडं मागे जाऊ.

जरथुश्त्र हे प्राचीन इराणचे धर्मसंस्थापक. त्यांच्या गाथा अवेस्ता या ग्रंथात आहेत आणि अवेस्ताची भाषा आपल्या वेदांच्या संस्कृतशी इतकी जवळची आहे की शब्द ओळखू येतात. तिथला 'यस्न' म्हणजे आपला 'यज्ञ'. एकच परमेश्वर, अहुर मज्द. सत्य आणि असत्य यांचा झगडा. आणि त्यात माणसाने चांगला विचार, चांगली वाणी, चांगली कृती यांच्या बळावर सत्याची बाजू घ्यायची, हा या धर्माचा गाभा. या धर्माचं स्वतःचं नावच मज्दयस्न, म्हणजे मज्दाची उपासना. इराणमध्ये इस्लाम आल्यानंतर काही अनुयायी समुद्रमार्गे गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले. तेच आपले पारशी.

युरोपला हा धर्म कळला तो पुस्तकांतून, आणि त्या पुस्तकांचा रस्ता आपल्या शेजारच्या सुरतेतून जातो. आंकतिल द्युपेराँ हा फ्रेंच तरुण सुरतेला येऊन पारशी दस्तुरांकडे शिकला आणि १७७१ मध्ये त्याने अवेस्ताचं फ्रेंच भाषांतर छापलं. पुढे शंभरेक वर्षांनी जर्मन तत्त्वज्ञ नित्शेने आपल्या पुस्तकातल्या नायकाला झरथुष्ट्र हेच नाव दिलं. नायकाच्या तोंडी असलेलं तत्त्वज्ञान नित्शेचं स्वतःचं होतं, पण नाव घरोघरी पोहोचलं. प्राचीन, पौर्वात्य, चर्चच्या बाहेरचं, आणि तरीही 'आर्य' म्हणून युरोपियनांना आपलंसं वाटणारं. नव्या धर्मासाठी याहून सोयीचं नाव मिळालं नसतं!

हे नाव उचललं एका चलाख गृहस्थाने. तो स्वतःला ओतोमान झार-अदुश्त हानिश म्हणवत असे. आपला जन्म तेहरानचा, आपण पूर्वेकडच्या एका गुप्त आश्रमात शिकलो, असं तो सांगायचा. अभ्यासकांच्या मते मात्र तो जर्मन वळणाचा ओटो हानिश होता आणि इराणची ती सगळी कहाणी त्याने रचलेली होती. अमेरिकेत शिकागो शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्याने आपल्या पंथाचा जम बसवला. पंथाचं नाव मझदाझ्नान. नाव ऐकलं की मज्दयस्नच आठवतं. शिकवण मात्र वेगळीच: श्वासाचे व्यायाम, शाकाहार, उपवास, पोटाची सफाई, ग्रंथींविषयीचे सिद्धांत, एकत्र गायन, थोडा येशू, थोडा योग आणि वर जरथुश्त्राचं नाव. १९०७ च्या सुमारास डेव्हिड आमान आणि त्यांच्या पत्नीने हा पंथ जर्मनीत नेला. लाइपझिग हे त्याचं मोठं केंद्र झालं आणि झ्युरिकजवळ हेर्लिबर्ग इथे 'आर्याना' नावाची वसाहत उभी राहिली.

वायमारहून लाइपझिग काही लांब नाही. इटेन आणि त्यांचे सहकारी गेओर्ग मुखे या पंथात मनापासून शिरले. इटेन यांनी डोकं भादरलं, स्वतः बेतलेला सैल झगा घालू लागले. पाहता पाहता बरेच विद्यार्थीही तसेच दिसू लागले. श्वसन, उपवास आणि पोटशुद्धी यांची चर्चा वर्गात होऊ लागली. शाळेच्या खानावळीत पंथाच्या नियमाप्रमाणे शाकाहारी जेवण शिजू लागलं, आणि त्यात लसूण इतका की त्या काळच्या आठवणी लिहिणाऱ्यांना सगळ्यात आधी तो वासच आठवतो. युद्धानंतरचा दुष्काळी काळ होता, मांस परवडत नव्हतंच. त्यामुळे काहींना हे जेवण बरंच वाटलं. काहींना मात्र घुसमटल्यासारखं झालं. शरीरातली घाण बाहेर काढण्यासाठी त्वचेवर सुया टोचून तेल लावण्यासारखे अघोरी उपायही काही अनुयायी करत.

हे सगळं मी तुम्हाला हसवण्यासाठी सांगत नाहीये. या तरुणांपैकी कित्येकजण युद्धावरून परत आलेले होते. खंदक, गॅस, मेलेले मित्र. त्यांना कोणी तरी श्वास कसा घ्यायचा इथपासून पुन्हा जगायला शिकवत होतं. इटेन यांच्याविषयी त्यांना वाटणारी भक्ती पोकळ नव्हती.

आता आपल्या पारशी शेजाऱ्यांशी तुलना करून बघा. पारशी घरात धनसाक होतो, पात्रानी मच्छी होते. बहमन महिन्यात अनेकजण मांस वर्ज्य करतात, पण अन्न सोडून उपाशी राहणं या धर्माला मुळात मान्य नाही. देह धडधाकट ठेवून, शेती करून, संसार करून जगात चांगलं वाढवायचं, हीच तिथे उपासना. म्हणजे बाउहाउसच्या खानावळीत जरथुश्त्राच्या नावाने जे उपवास चालले होते, ते जरथुश्ती परंपरेच्या बरोबर उलट होते! पंथात सुदरे-कुस्ती नव्हती, दस्तुरांच्या पिढ्यांनी सांभाळलेली अग्निमंदिरं नव्हती, अवेस्ताची पाठांतराची परंपरा नव्हती. होतं ते नाव, आणि पश्चिमेच्या माणसाला त्या वेळी जे हवं होतं ते.

आणखी एक गोष्ट. शिकागोत पैसे आणि श्रद्धा असलेल्या कोणालाही 'जरथुश्ती' होता येत होतं, त्याच सुमारास मुंबईत हाच प्रश्न न्यायालयात गेला होता. रतनजी दादाभाई टाटा यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केलं. तिचा नवजोत विधी झाला. पण बाहेरून धर्म स्वीकारलेल्या व्यक्तीला पारशी पंचायतीच्या अग्निमंदिरांचा आणि दख्म्यांचा लाभ मिळतो का, यावर वाद पेटला. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी निकाल दिला, तो या बाईंच्या बाजूने लागला नाही. याच सुझानबाई म्हणजे जे. आर. डी. टाटांच्या आई. हा निकाल कडक वाटतो, आजही पारशी समाजात यावर दोन मतं आहेत, आणि २०११ च्या जनगणनेत देशात फक्त ५७,२६४ पारशी उरले होते हे पाहिलं की काळजीही वाटते. पण ज्यांनी हा धर्म हजारावर वर्षं जिवापाड जपला, त्यांचं म्हणणं निदान त्या न्यायालयात ऐकलं तरी गेलं. मझदाझ्नानच्या बाबतीत कोणी त्यांना विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

यातला सगळ्यात बोचणारा भाग पुढे आहे, आणि चरित्र सांगायचं तर तो टाळून चालणार नाही. हानिशच्या शिकवणीत 'आर्य' हा शब्द वंशाच्या अर्थाने यायचा. गोरा आर्य सर्वांत वरच्या पायरीवर, बाकीचे खाली. इटेन यांनी हेही स्वीकारलं. १९२० मध्ये त्यांनी काढलेल्या एका शिळाछापाचं नाव 'गोऱ्या माणसाचं घर' असं आहे. पंथाच्या मासिकात वंश आणि कला या विषयावर त्यांनी लिहिलं, आणि त्यात गोऱ्या वंशाला शिखरावर बसवलं. इराणी लोक प्राचीन काळापासून स्वतःला 'ऐर्य' म्हणवत होते, आपल्याकडेही 'आर्य' हा शब्द सभ्य, थोर या अर्थाने रुळला. युरोपात पोहोचेपर्यंत त्याचं काय झालं बघा! ज्या इराणातून धर्म उसना घेतला, त्याच इराणातल्या जिवंत माणसांना या चित्रात वरची जागा होती का? मला तरी ती दिसत नाही.

आणि गंमत म्हणजे, १९२२ च्या डिसेंबरात याच इटेन यांची चित्रं कलकत्त्याला लागली! कलाअभ्यासक स्टेला क्रामरिश तेव्हा बंगालमध्ये होत्या. त्यांनी इटेन यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या कलावंतांची कामं मांडली. कान्दिन्स्की, क्ले, फाइनिंगर, इटेन ही सगळी मंडळी भारतीय चित्रकारांच्या शेजारी भिंतीवर होती. गोऱ्या माणसाचं घर रेखाटणाऱ्याची चित्रं आपल्याकडच्या लोकांनी आपल्या घरात सन्मानाने लावली.

तोवर वायमारमध्ये ग्रोपिअस आणि इटेन यांचं बिनसलं होतं. ग्रोपिअस यांना शाळेने कारखान्यांशी हात मिळवावा, सामान्य माणसाला उपयोगी वस्तू बनवाव्यात असं वाटत होतं. इटेन यांना आधी माणूस आतून घडवायचा होता. शाळेतच दोन तट पडले. माझं स्वतःचं मत विचाराल तर दोघांचंही अर्धं बरोबर होतं. पण एक मुद्दा मला शिक्षक म्हणून महत्त्वाचा वाटतो. श्वसन, लिंबू, काटा, भंगाराची रचना हे सगळं विद्यार्थ्याला मोकळं करणारं होतं. ताटातलं अन्न, डोक्यावरचे केस आणि जेवण कधी सोडायचं हे गुरूच्या धर्माप्रमाणे ठरू लागलं, तेव्हा तोच विद्यार्थी पुन्हा बांधला गेला. चुका एकेकट्याला दाखवायच्या नाहीत इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला हे कसं दिसलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

१९२२ च्या शरद ऋतूत त्यांनी राजीनामा दिला आणि १९२३ मध्ये शाळा सोडली. पायाभूत वर्ग पुढे मोहोय-नॉज आणि जोसेफ आल्बर्स यांनी चालवला. भंगाराच्या रचना राहिल्या, झगे आणि लसूण गेले. इटेन हेर्लिबर्गच्या पंथीय वसाहतीत जाऊन राहिले. तिथे त्यांनी हातमागाच्या कार्यशाळा उभ्या केल्या. काही वर्षांनी ते बर्लिनला गेले आणि १९२६ मध्ये पुन्हा स्वतःची शाळा काढली.

बर्लिनमधला एक प्रसंग प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. १९२८ साली ते वर्गाला रंगसंगतीचे नियम शिकवत होते. मुलांना ठराविक रंगांच्या जोड्या रंगवायला दिल्या. थोड्या वेळाने वर्गात अस्वस्थता दिसू लागली; मुलांना त्या जोड्या सुंदर वाटतच नव्हत्या. इटेन यांनी नियम बाजूला ठेवले आणि सांगितलं की ज्याला जे रंग एकत्र छान वाटतात ते त्याने रंगवावेत. तासाभराने सगळे कागद जमिनीवर मांडले. प्रत्येकाचा कागद वेगळा होता, आणि प्रत्येकात रंगवणाऱ्याचा स्वभाव डोकावत होता. तेव्हापासून सर्वांना लागू पडणारे रंगांचे नियम आणि प्रत्येकाचे आपले रंग, अशा दोन्ही गोष्टी ते शिकवू लागले. मी हा उपक्रम चौथीच्या वर्गात साध्या खडूंनी घेते. दरवेळी निदान एखादं मूल नुसता काळा आणि पिवळा घेतं आणि शांतपणे बसून रंगवतं. तुम्हीही घेऊन बघा.

मग नाझी आले. 'आर्य' हा शब्द ज्यांच्या तोंडी सतत होता, त्यांनीच १९३५ मध्ये मझदाझ्नानवर जर्मनीत बंदी घातली. सत्तेला आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाचे गुरू आणि दुसऱ्या कोणाच्या प्रार्थना चालत नाहीत. इटेन यांची बर्लिनची शाळा १९३४ मध्येच बंद पडली होती. क्रेफेल्ड गावच्या वस्त्रकला शाळेचे ते १९३२ पासून संचालक होते, तेही पद १९३८ मध्ये गेलं. त्यांची चित्रं नाझींनी 'भ्रष्ट कला' म्हणून हिणवली. अ‍ॅमस्टरडॅममार्गे ते मायदेशी परतले आणि त्याच वर्षी झ्युरिकच्या कलाशाळेचे संचालक झाले. पुढची दीड दशकं त्यांनी तिथे काम केलं.

१९५२ मध्ये झ्युरिकला रीटबेर्ग संग्रहालय सुरू झालं. युरोपाबाहेरची कला जपणारं हे संग्रहालय. त्याची उभारणी आणि मांडणी इटेन यांच्याकडे सोपवली गेली, १९५६ पर्यंत ते त्याचे संचालक होते. आफ्रिकेचे मुखवटे, चीनचे बुद्ध, भारतातली शिल्पं. दक्षिणेतला ब्राँझचा नटराज आजही तिथल्या संग्रहात आहे. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी वंशांच्या पायऱ्या लावल्या होत्या, तेच आता प्रत्येक मूर्तीला योग्य उजेड कुठून मिळेल ते पाहत होते. या काळात त्यांनी जुन्या लिखाणाविषयी काय विचार केला असेल हे त्यांच्या मनालाच ठाऊक.

१९६१ मध्ये त्यांचं 'कुन्स्ट डेर फार्ब' म्हणजे 'रंगाची कला' हे मोठं पुस्तक आलं. रंगांमधले सात प्रकारचे विरोध आणि बारा घरांचं चक्र त्यात सविस्तर मांडलं आहे. आपल्या चित्रकलेच्या पुस्तकांतल्या उष्ण-शीत रंगांच्या आणि विरोधी रंगांच्या पाठांना याच पुस्तकाचा आधार आहे. मार्च १९६७ मध्ये झ्युरिक इथे वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. हानिश त्याच्या आधी एकतीस वर्षं, १९३६ मध्ये, अमेरिकेत वारला होता.